माशांसाठीचे पैसे: दान की देणे?



सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने चंदेरी पापलेटला 'राज्यमासा' म्हणून जाहीर केले. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या कोळी बांधवांना त्याचा विशेष आनंद झाला. पापलेट कमी होत चालले आहे, जाळ्यात लहान पिल्लेच अधिक येतात, म्हणून त्याला संरक्षण मिळावे ही त्यांची जुनी मागणी होती. त्यांचे म्हणणे ऐकले गेले हे चांगले झाले. पापलेटला बाजार आहे, परदेशात मागणी आहे आणि त्याच्या मागे संघटित मच्छीमार आहेत. त्याच्यासाठी कोणी ना कोणी बोलणारच. पण ओहळातल्या शिंगटीसाठी, तळ्यातल्या मरळीसाठी किंवा नदीच्या डोहातल्या वामीसाठी कोण बोलणार? त्यांच्यासाठी पैसे कोणी द्यायचे, आणि का द्यायचे?

हा प्रश्न आज आपल्यासमोर आहे. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत उरलेल्या एका बावखलाची साफसफाई करून त्यातले मूळचे मासे जपावेत, आणि त्यासाठी दर घरामागे महिन्याला वीस रुपये जमा करावेत, असा प्रस्ताव तरुणांनी पाळकीय मंडळापुढे ठेवला आहे. बावखल म्हणजे काय हे जुन्या पिढीला सांगायला नको. वाडीतले हे गोड्या पाण्याचे तळे पावसाने आणि जमिनीतल्या झऱ्यांनी भरते. एके काळी त्यावरच्या रहाटाने केळी आणि पानवेली भिजत. विहिरींचे पाणी त्यामुळे टिकून राही आणि समुद्राच्या खारेपणाला आत शिरायला अटकाव होई. पुढे नळ आला, वाड्या गेल्या, आणि कित्येक बावखले मातीचा भराव घालून बुजवण्यात आली.

प्रस्तावाची चर्चा चर्चबाहेर सुरू झाली तेव्हा एका मावशींनी मला सरळ विचारले, "फादर, आपल्या गावात डायलिसिसवर असलेली माणसे आहेत. फी भरायला पैसे नाहीत म्हणून शाळा सुटलेली मुले आहेत. त्यांच्या तोंडचा घास काढून माशांना घालायचा का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पर्यावरणावर बोलणाऱ्या पुष्कळ लोकांना तो आवडत नाही, कारण त्याचे उत्तर सोपे नाही. म्हणून आज त्यावर थोडा सविस्तर विचार करू या.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. नद्या, तळी, ओहळ, पाणथळी या सगळ्यांनी मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही. तरीही जगातल्या माशांच्या जवळजवळ निम्म्या जाती या गोड्या पाण्यात राहतात. एवढ्याशा जागेत एवढी जीवसृष्टी, आणि नेमकी तीच जागा माणसालाही हवी असते: पिण्यासाठी, शेतीसाठी, विजेसाठी आणि दुर्दैवाने सांडपाणी सोडण्यासाठीही. जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोड्या पाण्यातले मासे, खेकडे, कोळंबी आणि चतुर अशा सुमारे २३ हजार जाती तपासल्यावर त्यातल्या २४ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे त्यात आढळले. म्हणजे चारातली जवळजवळ एक.

यावर पैसा खर्च होत नाही असे नाही. केंद्र शासनाने २०२० साली मत्स्य संपदा योजना आणली, ती २० हजार ५० कोटी रुपयांची. नद्यांत मत्स्यबीज सोडण्याचेही काम तिच्यात आहे. पण योजनेचा मुख्य भर उत्पादन, साठवण, बंदरे आणि निर्यात यांवर आहे. त्यात गैर काही नाही, माणसांना अन्न आणि रोजगार हवाच. मात्र मासा किती किलो भरतो हा एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या नदीत उरतो की नाही हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी पैसा मागायला गेले की लगेच 'दान' हा शब्द येतो. माझे म्हणणे असे की घोटाळा या शब्दापासूनच सुरू होतो.

जक्कयाची गोष्ट आठवा. येशूला घरी घेतल्यावर तो दोन गोष्टी करायचे ठरवतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्यांचे अन्यायाने घेतले असेल त्यांना चौपट परत करतो. आपण ही दोन्ही वाक्ये एका दमात वाचतो, म्हणून त्यांतला फरक निसटतो. पहिले दान आहे. ते जक्कयाच्या मनाचा मोठेपणा दाखवते. दुसरे दान नाही, ती परतफेड आहे. ज्याची गाय हिसकावून घेतली त्याला गाय परत करताना आपण दानशूर ठरत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हाच फरक आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथात सापडला. परतफेडीचा विचार ते प्रीतीच्या प्रकरणात करत नाहीत, न्यायाच्या प्रकरणात करतात. आणि जे दुसऱ्याला परत करणे बाकी आहे त्यातून दानधर्म करता येत नाही, असे ते बजावतात. कारण ते पैसे आपले नसतातच.

आता आपल्या नळाकडे पाहू. वसई-विरारला पाणी येते ते बरेचसे सूर्या नदीचे. सूर्या ही वैतरणेची उपनदी. धामणीचे धरण मुळात डहाणू, विक्रमगड, पालघर या भागातल्या शेतीच्या सिंचनासाठी बांधले गेले. पुढे त्यातले पाणी शहरांकडे वळवण्यात आले. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना रोजच्या ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची आहे. त्यातले १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारच्या आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरच्या वाट्याचे. आमच्या शेतीचे पाणी नेऊ नका म्हणून तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी आंदोलने केली, हे आपण वाचलेले आहे. मुंबईची गोष्ट त्याहून जुनी. तानसा १८९२ साली, मोडकसागर १९५७ साली, अप्पर वैतरणा १९७३ साली आणि मध्य वैतरणा २०१४ साली: वैतरणा आणि तिच्या उपनदीवर एकामागून एक धरणे झाली, आणि शहर वाढत गेले.

धरण वाईट असे मी म्हणत नाही. आपल्या मुलांना स्वच्छ पाणी हवेच. पण धरणाने काय घेतले याचा हिशेब आपण कधी ठेवला नाही. नदीतल्या कित्येक माशांना पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढावे लागते. उथळ, खळाळत्या, गोट्या-वाळूच्या जागी ते अंडी घालतात. मध्ये भिंत उभी राहिली की ही वाट बंद होते. वाहते पाणी साचते, खाली नदी उन्हाळ्यात कोरडी पडते, उरलेली वाळू ट्रकमधून जाते. पहिल्या पावसात शेताच्या बांधावरून चढणारे वलगणीचे मासे हे आपल्या भागातल्या गरिबांचे हक्काचे जेवण होते. ज्या घरात पापलेट कधी शिजले नाही त्या घरात मरळ आणि शिंगटी शिजत असे. तेव्हा मावशींना माझे पहिले उत्तर असे: नदीतला मासा एका बाजूला आणि गरीब माणूस दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी नाही. नदीतला मासा गेला तेव्हा गरिबाच्याच ताटातून तो गेला. त्याचा मोबदला त्याला कोणी दिला नाही.

यावर कोणी म्हणेल, "धरण सरकारने बांधले. मी काय केले? मी फक्त नळ उघडतो." हे बरोबर आहे. दोष आणि दायित्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजून घेतले पाहिजे. वडिलांनी कर्ज काढून घर बांधले असेल तर ते कर्ज काढण्यात मुलाचा काही दोष नाही. पण घर ठेवायचे आणि कर्ज नाकारायचे, असे त्याला करता येत नाही. नदीच्या पाण्याचे तसेच आहे. आपल्यापैकी कोणाला कबुलीजबाबात सांगण्यासारखे हे पाप नाही. पण लाभ आपल्या घरात रोज सकाळी येतो, आणि लाभाबरोबर देणेही येते.

दुसरी शंका अधिक खोल आहे. देणे असायला घेणेकरी लागतो. मासा घेणेकरी कसा होईल? तो मागत नाही, त्याला हक्क कळत नाही. खुद्द संत थॉमस यांचे मत असे की, बुद्धी नसलेल्या प्राण्यांशी माणसाचे मैत्रीचे नाते असू शकत नाही. मी हे लपवणार नाही. पण त्यातून मासा कवडीमोल आहे असा निष्कर्ष निघत नाही. तेच संत थॉमस दुसरीकडे विचारतात की, परमेश्वराने एवढ्या नाना प्रकारचे जीव का निर्माण केले? त्यांचे उत्तर असे की त्याचा चांगुलपणा एकाच प्राण्यात मावणारा नाही. एकात जे कमी पडते ते दुसरा भरून काढतो. उत्पत्तीच्या पुस्तकात पाण्यातल्या जीवांना आणि पाखरांना आशीर्वाद मिळतो तो पाचव्या दिवशी. माणूस तेव्हा अजून निर्माण व्हायचा आहे. त्यांचे चांगलेपण आपल्या उपयोगावर ठरलेले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हाच धागा पुढे नेला. शिवाय या बाबतीत माणूस घेणेकरीही आहेच: धरणाच्या वरच्या अंगाचा आदिवासी, खालच्या अंगाचा मच्छीमार आणि अजून जन्माला न आलेले मूल. नामशेष झालेली जात त्या मुलाला कोणत्याही किमतीला विकत घेता येणार नाही.

हे देणे आहे असे मान्य केले की आणखी एक गोष्ट ओघाने येते. दान देणारा आपल्या आवडीने देतो. देणे फेडणाऱ्याला ती मोकळीक नसते. जे घेतले तेच, ज्याचे घेतले त्यालाच द्यावे लागते. हे विसरले तर सद्हेतूनेही नुकसान होते. याचे एक बोलके उदाहरण आपल्याच सह्याद्रीतले आहे.

महासीर हा आपल्या नद्यांतला मोठा, देखणा, जाड खवल्यांचा मासा. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली. त्या यादीत पुण्याकडच्या नदीतला हा महासीर होता, आणि त्याला त्याने 'खुदरी' हे नाव दिले. आपली शिंगटीसुद्धा त्याच यादीतून 'सींगटी' म्हणून शास्त्रात गेली. पुढे लोणावळा परिसरात टाटांची धरणे झाली, ते पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली. नद्यांतला महासीर कमी होत गेला तेव्हा, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, टाटांच्याच वीज कंपनीने लोणावळ्याला या माशाची पैदास सुरू केली. ज्याने नदीचे पाणी घेतले त्यानेच माशासाठी खर्च करावा, ही गोष्ट दुर्मीळ आणि कौतुकाची होती. वर्षानुवर्षे तिथे पिल्ले वाढली आणि देशातल्या अनेक जलाशयांत व नद्यांत सोडली गेली.

त्यातली काही कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीच्या खोऱ्यात मात्र स्वतःचा एक वेगळा महासीर होता. पाठीला कुबड असलेला आणि पन्नास किलोंहूनही अधिक वजनाचा होणारा. बाहेरून आलेला महासीर तिथे वाढत गेला आणि मूळचा कमी होत गेला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनीही त्याचे नुकसान केले, पण बाहेरून आणून सोडलेली पिल्ले हे संशोधकांनी दाखवलेले एक मोठे कारण आहे. या कुबडाच्या महासीरची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित झाली. त्याच वर्षी त्याची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. त्याला नाव मिळाले तेव्हा तो जवळजवळ संपलेला होता.

यात कोणी खलनायक नाही. पैसा प्रामाणिक होता, कष्ट खरे होते, त्या काळी दोन महासीरांतला फरकही कोणाला नीट ठाऊक नव्हता. पण एका नदीचे देणे दुसऱ्या नदीत भरले गेले. आपल्या लहानशा कामालाही हा धडा लागू आहे. बावखल स्वच्छ केले की कोणीतरी उत्साहाने म्हणेल, "रोहू-कटला सोडू या, ते लवकर वाढतात." रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे आहेत. डासांसाठी गप्पी सोडावेत असे कोणी सुचवेल. तेही परदेशी. कोणी तिलापिया आणील, आणि ती एकदा शिरली की बाहेर काढता येत नाही. असे मासे सोडून फोटो काढता येतील, पण आपले बावखल आपल्याला परत मिळणार नाही.

आता पैशाच्याही पलीकडचा एक मुद्दा. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे तिळसेश्वराचे देवस्थान आहे. तिथल्या डोहातला मासा कोणी धरत नाही. महाराष्ट्रात नदीकाठच्या आणखीही काही देवस्थानांजवळ लोकांनी असे डोह राखले आहेत. त्यासाठी कोणती योजना नव्हती, कोणाचे अनुदान नव्हते. लोकांनी फक्त हात आवरला. आपली श्रद्धा वेगळी असली तरी या संयमापुढे आपण आदराने उभे राहिले पाहिजे. पण त्यात एक अन्यायही दडलेला आहे. हात आवरतो तो काठावरचा माणूस, ज्याच्या घरी त्या दिवशी कालवण नसते. आणि वरून धरण बांधणारा, सांडपाणी सोडणारा किंवा वाळू नेणारा मात्र काहीच आवरत नाही. वलगणीला अंड्यांनी भरलेले मासे मारू नका, असे आपण आदिवासी बांधवाला सहज सांगतो. सांगणे योग्यही आहे. पण त्याने एक जेवण सोडायचे आणि आपण एक बादलीही सोडायची नाही, हा कुठला न्याय? संयम त्याने पाळायचा असेल तर खर्च आपण उचलला पाहिजे.

म्हणून तरुणांच्या प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे, पण काही अटींवर.

पहिली अट मावशींसाठी. हे पैसे संत विन्सेंट डी पॉल मंडळाच्या पेटीतून येणार नाहीत. आजाऱ्याच्या औषधाचा आणि मुलाच्या फीचा निधी जसा आहे तसाच राहील. दान दानाच्या जागी आणि देणे देण्याच्या जागी. आपल्या लग्नांत मांडवावर, बँडवर आणि जेवणावळींवर होणारा खर्च पाहता महिन्याला वीस रुपयांसाठी गरिबाच्या ताटाकडे बघण्याची वेळ आपल्यावर आलेली नाही. ज्या घराला वीस रुपयेही जड आहेत त्यांच्याकडून ते घेऊ नयेत.

दुसरी अट, काम एका दिवसाचे नसावे. जलपर्णी काढली तरी ती परत येते. त्यामुळे दर वर्षी उन्हाळ्यात गाळ काढणे, काठावरची झुडपे आणि गवत शाबूत ठेवणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आसपासच्या घरांचे सांडपाणी आत येऊ न देणे, हे सगळे सतत करावे लागेल. ज्या घरांचे पाणी आज बावखलात जाते त्यांच्यासाठी शोषखड्डे खणायला निधीतून मदत करावी. काठाला सिमेंटची भिंत, कारंजे आणि देणगीदारांच्या नावांची फरशी यांवर एक रुपयाही खर्च होऊ नये.

तिसरी अट, जाणकाराला विचारल्याशिवाय एकही मासा आत सोडू नये. जवळच्या ओहळांत आणि बावखलांत आजही मरळ, शिंगटी तग धरून आहेत. पाणी नीट झाले की ती वाढतील.

चौथी अट कदाचित काहींना आवडणार नाही. जमलेल्या पैशांतला निम्मा भाग सूर्येच्या खोऱ्यातल्या एखाद्या गावासाठी राखून ठेवावा. तिथले झरे आणि ओहळ जपण्यासाठी, वलगणीच्या दिवसांत हात आवरणाऱ्या कुटुंबांना हातभार म्हणून. कोणत्या गावाला आणि कसा, हे तिथल्या ग्रामसभेशी बोलून ठरवावे, आपण इथे बसून नव्हे. बावखल आपले आहे, त्याचा फायदाही आपल्यालाच होईल. पाणी मात्र आपण त्यांचे पितो.

पाळकीय मंडळाची सभा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या सभागृहात आहे. मी मावशींना तिथे येण्याची विनंती केली आहे आणि त्या येणार आहेत. माझे म्हणणे त्यांना पूर्ण पटलेले नाही. शोषखड्ड्यांचे पैसे पाइपलाइनवाल्यांच्या खिशात जाणार नाहीत कशावरून, असा त्यांचा पुढचा प्रश्न आहे. त्यामुळे हिशेब दर तीन महिन्यांनी याच पत्रकात छापावा, ही पाचवी अट त्यांच्या नावाने मी जोडतो. तुमच्याही शंका घेऊन या.

तुमचा,
धर्मग्रामाचा धर्मगुरू